रविवारचं पिवळं पाणी

भाऊजी, मला किळस आली आहे. तुमची नाही. तुमची जेवढी करायची तेवढी मी तुम्ही असतानाच करून घेतली आणि तोंडावर सांगूनही झालं. ही दुसरी आहे. मंगळवारी तुमच्या तेरवीला बुंदीचं ताट पुढं ओढत केनवडच्या तुमच्या मावशी जे बोलल्या, ते ऐकल्यापासून ती घशात बसली आहे. त्या म्हणाल्या, "पोरानं तिकडं मुंबईले औषधाचं नाव सांगतलं असन. नाईतं घरात औषध असून घरचाच मानूस काविळीनं जाते का?" भोवतीच्या बायकांनी माना हलवल्या आणि आणखी कढी मागितली.

कढी मीच वाढत होते. पळी तशीच पातेल्यात सोडली आणि आत गेले. रडायला नाही गेले, रडणं आधीच झालं होतं. मला ओकारी येत होती. तुम्ही असता तर म्हणाला असता की मळमळ ही मोठी कामाची गोष्ट आहे, वयनी, नको ते शरीर बाहेर टाकू पाहतं. तुमच्याजवळ प्रत्येक घाणीची बाजू घ्यायला काहीतरी असायचंच. त्याचाच मला राग यायचा.

आज रविवार आहे. सुतक संपल्यावरचा पहिला. सकाळी ओसरीवर जे झालं ते तुम्हाला सांगायला बसले आहे, पण सरळ तिथंच उडी मारली तर मला दम लागेल. आणि हे लिहिताना माझं नाक गळतं आहे ते रडण्यानं नव्हे. त्याचंही सांगते.

मी या घरात लग्न होऊन आले ती शनिवारी, म्हणून आपण कुठं येऊन पडलो ते मला दुसऱ्याच दिवशी कळलं. अकोल्याच्या मास्तराची मुलगी मी. माहेरी नाक शिंकरायचं तर अंगणात जायचं, अशी शिस्त. इथं सकाळी पाहते तर ओसरीभर माणसं. मालेगावचा कुणी किराणावाला, केनवडच्या बाजाराला निघालेले शेतकरी, शिरपूरच्या देवळाला आलेले आणि वाटेत कुणी सांगितलं म्हणून इकडं वळलेले यात्रेकरू, लेकरं कडेवर घेतलेल्या बाया. सगळ्यांचे डोळे पिवळे. मामाजी, तुमचे बाबा, आंघोळ करून ओल्या धोतरानं पाटावर बसलेले, पुढ्यात काशाची वाटी, तिच्यात कापसाची वात. ते एकेकाची मान मागं करायचे आणि नाकपुड्यांत थेंब पिळायचे. मग तो माणूस पितळेच्या ताटलीवर वाकून बसायचा, आणि थोड्या वेळानं त्याच्या नाकातून पाणी गळायला लागायचं. पिवळं, चिकट, तारा सुटणारं, दुपारपर्यंत न थांबणारं. "निघून राह्यली, निघून राह्यली," असं म्हणत माणसं एकमेकांच्या ताटल्या पाहायची. कुणाची जास्त पिवळी याची चढाओढ लागायची. जिंकणाऱ्याचं कौतुक व्हायचं.

आणि मग त्या ताटल्या घासायच्या कुणी? तुमच्या आई, आत्याबाई, माझ्या लग्नाआधी दोन वर्षं वारलेल्या, घरात दुसरी बाई नाही. नव्या सुनेनं घासायच्या.

मी परसात त्या ढिगापुढं बसले होते आणि हाताच्या मेंदीकडे पाहत होते. तुम्ही नागपूरहून सुटीला आला होतात. बी.एस्सी.चं शेवटचं वर्ष, अंगावर इस्त्रीचा सदरा. धोतर खोचून तुम्ही शेजारी उकिडवे बसलात आणि राखेची मूठ भरलीत. घरातला पुरुष स्वतःचं उष्टं ताट उचलत नाही, आणि हे तर लोकांच्या नाकातलं. तोवर आपण एकमेकांशी धड बोललोही नव्हतो. तुम्ही म्हणालात, "वयनी, श्वास तोंडानं घ्या. वास अर्धा होते." मला तुम्ही शिकवलेलं ते पहिलं शास्त्र. एवढी वर्षं झाली, त्याच एका वाक्यावर मी या घरातले रविवार काढले.

मामाजींवर मी अन्याय करणार नाही. या औषधाचा त्यांनी कधी छदामही घेतला नाही. कुणी भाजी आणली तर परत पाठवली. ओसरीवर जो बसेल त्याला नाही म्हणायचं नाही, मग तो कुठल्या जातीचा, कुठल्या गावचा, वैऱ्याच्या घरचा का असेना. असे नियम त्यांच्या वडिलांपासून चालत आलेले. फळ आणायचं त्याच्या आदल्या संध्याकाळी वेलीजवळ जायचं, अक्षता ठेवायच्या आणि हात जोडून म्हणायचं की उद्या तुले न्यायले येतो. सकाळी जायचं ते कुणाशी न बोलता, आपली सावली वेलीवर न पाडता. देणाऱ्यानं स्वतः ते कधी घ्यायचं नाही. आणि सगळ्यात मोठा नियम म्हणजे नाव उच्चारायचं नाही. नाव सांगितलं की गुण गेला, औषध मेलं. घरात त्याला नुसतं 'ते' म्हणत. 'ते' माळ्यावरच्या मडक्यात वाळत असायचं. तुम्ही लहानपणी अक्षता धरायला मामाजींबरोबर शेताच्या धुऱ्यावर जायचात, तुम्हाला वेल ओळखू येत होती. मलाही दुसऱ्या वर्षी आली. गावातल्या निम्म्या गुराख्यांना येत असणार. पण नाव कुणी घ्यायचं नाही.

मग तुम्ही मुंबईला गेलात. एम.एस्सी., आणि विषय फार्माकॉलॉजी. गावात कुणी विचारलं की दीर काय शिकतो, तर मी म्हणायची, औषधं शिकतो. म्हणजे डॉक्टर? नाही. वैद्य? नाही. कंपाउंडर? मग मी विषय बदलायची. तुमची पत्रं यायची ती मी ह्यांना वाचून दाखवायची आणि मध्येच थांबून पाणी प्यायची. जेवण झाल्यावर ती वाचायची सोय नव्हती. बेडकाचं काळीज काढून काचेच्या नळीला बांधतात, त्यात मिठाचं पाणी सोडतात, आणि ते एकटंच धडधडत राहतं. त्याला दोरा बांधतात, दोऱ्याला काडी, आणि ती काडी काजळी धरलेल्या कागदावर रेघ काढते. एखादं औषध घातलं की रेघ उंच होते, दुसरं घातलं की सपाट. मी उलट लिहिलं की इकडं आणायचं असलं काही, तर आधी आंघोळ करून या. तुम्ही दिवाळीला तो काजळीचा कागदच आणलात, अर्धवट रोगण लावलेला. मी हातात धरला तर पदराला काळं लागलं. त्या पांढऱ्या रेघेवर बोट ठेवून तुम्ही म्हणालात, हे पाहा, इथं ते थांबलं होतं, आणि इथं परत चालू लागलं. तुमचे डोळे असे चमकत होते, जणू मेलेलं माणूसच उठवलंत. मी म्हणाले, बेडकाची आई काय म्हणत असेल? तुम्ही हसलात, पण कागद गुंडाळून ठेवलात.

तो कागद अजून माझ्या ट्रंकेत आहे. लुगड्यांना काळं लागतं.

लढाई सुरू होती, विलायतेहून औषधं येईनाशी झाली होती. तुमच्या सरांनी सांगितलं की परदेशी बाटल्यांची वाट पाहत बसू नका, आपापल्या मुलखातलं काही आणा आणि त्याची परीक्षा करा. दुसरी पोरं औषध शोधत हिंडली. तुमच्या तर माळ्यावरच होतं. मेच्या सुटीत तुम्ही कोळशावर धापा टाकणाऱ्या मोटारीनं मालेगावला उतरलात, तिथून बैलगाडीनं घरी आलात, आणि हातपाय धुवायच्या आधी मामाजींकडे गेलात.

ते भांडण मी दाराआडून ऐकलं. भांडण कसलं, दोघंही हळूच बोलत होते, तेच वाईट होतं. मामाजी म्हणाले, औषध हवं तेवढं ने, मडकं रिकामं कर, नाव मात्र मागू नको. तुम्ही म्हणालात, "गुन असन त नावानं काहून जाईन, बाबा?" त्यावर मामाजींनी तुम्हाला विचारलं, "मुंबईत तुमच्यापाशी हाये का काविळीवर औषध?"

"नाई."

"मंग?"

 तुम्ही 'नाई' म्हणालात ते मला तेव्हाही आवडलं होतं, आज जास्त आवडतं. तुमच्या जागी दुसरा कुणी शिकलेला असता तर विलायतेतलं एखादं लांबलचक नाव त्यानं म्हाताऱ्याच्या तोंडावर फेकलं असतं.

मग आपलं भांडण झालं, ते मात्र मोठ्यानं. मी म्हणाले, तुम्हाला वेल ठाऊक आहे, नाव ठाऊक आहे, पुस्तकात तिचं लॅटिन नावही सापडेल, तर लिहून मोकळे व्हा. मुंबईत तुमच्या वहीत काय आहे ते पाहायला मामाजी थोडेच येणार आहेत? तुम्ही म्हणालात, ती चोरी होईल. ज्यानं दिलं त्यानं सांगितलं पाहिजे, मग त्याचं नाव वर घालून मी लिहीन. मी म्हणाले, भाऊजी, तुमचं डोकं फिरलं आहे. बेडकाला तुम्ही विचारलं होतं का? तुम्ही म्हणालात, विचारायला पाहिजे होतं.  हे भांडण अजून तसंच आहे. तुम्ही मूर्खपणा केलात असं मला आजही वाटतं.

त्याच सुटीतली परसातली दुपार आठवते का? मामाजी शेतावर, हे वाशिमला कोर्टाच्या कामाला. तुम्ही वाटीत ते भिजवलेलं पाणी घेऊन आलात. आधी स्वतःच्या नाकात सोडलंत आणि ताटलीवर बसलात. डोळ्यांचं पाणी पुसत, शिंकत, 'बाप रे बाप रे' करत. मी शिव्या देत होते. मग पाहते तर ताटलीत पिवळं. अस्सल रविवारचं पिवळं. मी घाबरले, म्हणाले तुम्हाला कावीळ आहे. तुम्ही शिंका आवरत म्हणालात, "मले काईच नाई. आता तुमी बसा."

दिराच्या हातून नाकात औषध घेणारी वऱ्हाडातली पहिली सून मीच असेन. डोक्यात मुंग्यांचं वारूळ फुटल्यासारखं झालं. आणि गळायला लागलं. पिवळं. तुमच्यापेक्षा जास्तच. तुम्ही दोन्ही ताटल्या शेजारी शेजारी ठेवल्यात आणि लहान पोरासारखे आनंदलात. कुणाच्याही नाकात घाला, ते असंच येणार, आतली कातडी भाजते आणि पाणी सोडते, काविळीचा त्याच्याशी काही संबंध नाही. मी नाक धरून ओरडले की मग इतकी वर्षं मी धुतलं ते काय? तुम्ही म्हणालात, "नाकातलं पानी, वयनी. फक्त नाकातलं पानी."

मी त्याच संध्याकाळी मामाजींना सांगणार होते. तुम्ही अडवलंत. म्हणालात की आपण सांगितलं तर ते पोराचं उलट बोलणं होईल. त्यांचं त्यांना दिसलं पाहिजे, आणि नाव त्यांच्या तोंडून आलं पाहिजे, मग मी सगळं नीट मांडून त्यांच्यापुढं ठेवीन. तुम्ही बाटली भरून घेतलीत आणि तिच्यावर चिठ्ठी लावलीत, 'बाबांचं औषध'. पुढं पत्रात लिहिलंत की सर रागावले. बिननावाच्या औषधावर एम.एस्सी. मिळत नाही म्हणाले.

तुम्ही दसऱ्यानंतर परत आलात ते न कळवता. गाडीतून उतरलात तेव्हा मी तुळशीपाशी होते. मला आधी तुमचे डोळे दिसले. मग मामाजींना दिसले. ते आत जाऊन माळ्यावरच्या मडक्यात 'ते' किती उरलं आहे पाहून आले. मी प्रबंधाचं विचारलं तर म्हणालात, नाव सोडून सगळं झालं.

वाशिमचे डॉक्टर आले, पोट चाचपलं आणि तुम्ही आधीच सांगितलं होतं तेच सांगून गेले. निजून राहा, तेलतूप नको, उसाचा रस द्या. बाकी शरीर करेल ते करेल. मामाजी उंबऱ्यावर उभे होते. दवाखान्याची पेटी उघडून बंद झाली आणि तिच्यातून काहीच निघालं नाही, ते त्यांनी पाहिलं. त्या रविवारी तुम्ही थेंब नको म्हणालात. पुढच्याही. खरं तर नको म्हणालात तेही हसून. मामाजी बाहेरच्या लोकांना थेंब द्यायचे आणि आत येऊन तुमच्याकडे बघत बसायचे.

आणि मग तो शेवटचा रविवार. मामाजी वाटी घेऊन तुमच्या खाटेपाशी आले. त्यांनी वात वाटीत बुडवली. तुम्ही माझ्याकडे एकदा पाहिलंत आणि आपणहून हनुवटी वर केलीत.

भाऊजी, त्या वेळी मला तुमची जी किळस आली, ती बेडकांची नव्हती, ताटल्यांची नव्हती. माझ्या पुढ्यात एक शिकलेला माणूस आपल्याच हातानं आपलं शास्त्र पुसत होता. मला वाटलं, मरणाला घाबरला, संपलं. पाणी आलं, पिवळं, यायचं तेवढं. मामाजींच्या तोंडावर कितीतरी दिवसांनी उजेड आला. "निघून राह्यली," ते म्हणाले, आणि बाहेर लोकांना सांगायला गेले. मी ताटली उचलताना विचारलं, काहून केलंत असं? तुमचा आवाज खोल गेला होता. तुम्ही म्हणालात, "बाबाईच्या हाताले काम पाह्यजे, वयनी."

मी परसात जाऊन ती ताटली घासली. तोंडानं श्वास घेतला. गुरुवारी तुम्ही गेलात.

मग लोक आले. रडले, जेवले आणि निर्णय देऊन गेले. तुम्ही नाव विकलंत. तुम्ही बाटलीत भरून दैवत नेलंत. बेडकं मारलीत त्याचा तळतळाट लागला. आणि मावशींनी जे म्हटलं ते तर गावभर झालं, कारण ते सोयीचं होतं. औषध खरं ठरलं, तुम्ही खोटे ठरलात, आणि पुढच्या रविवारची चिंता मिटली. या सगळ्याहून मला ओकारी आली ती मामाजींच्या गप्प बसण्याची. त्यांच्या कानावर सगळं जात होतं. तुम्ही शेवटपर्यंत ज्या नावाची राखण केलीत, त्याच नावाच्या चोरीचा आळ तुमच्यावर, आणि बाप भिंतीला टेकून पानाला चुना लावतो आहे. मी तेव्हाच ठरवलं. म्हणजे ठरवलं असंही नाही, आज सकाळी पाय आपोआप तिकडं गेले.

ओसरी भरली होती. नेहमीपेक्षा जास्त गर्दी, कारण सुतकात औषध बंद होतं. मामाजी पाटावर, हे ताटल्या मांडत होते. मी डोक्यावरचा पदर नीट केला आणि बायकांच्या रांगेत जाऊन बसले. माझ्यापुढं एक म्हातारी होती, मागं एक माणूस आपल्या पिवळ्या पडलेल्या मुलीला मांडीवर घेऊन. ह्यांनी मला पाहिलं आणि माझ्यापुढंही एक ताटली मांडली. माझी पाळी आली तेव्हा मामाजी म्हणाले, "तुले काय झालं?"

"काई नाई, मामाजी."

"मंग इथी काहून?"

"बसली हावो. टाका."

ओसरीवर बसेल त्याला नाही म्हणायचं नाही.  त्यांनी वात उचलली. मी मान मागं केली, डोळे मिटले, आणि पुन्हा ते वारूळ फुटलं. ताटलीवर वाकले. सगळी ओसरी पाहत होती. पहिला थेंब पडला, मग धार लागली. मला वाटलं आता तरी यांना दिसेल. धडधाकट बाई, डोळे पांढरे स्वच्छ, आणि ताटली पिवळी.

काय दिसलं त्यांना, ऐका. माझ्या पुढची म्हातारी म्हणाली, "बाप्पा, आत दबून होती! देराची लागली इले." लगेच बाकीच्यांनी री ओढली. बरं झालं वेळेवर बसली. औषधानं बरोबर हुडकून काढली. निघून राह्यली, निघून राह्यली. भाऊजी, मी त्या ताटलीवर वाकून तुमच्यासाठी रडत होते आणि तेही माझ्या नाकातूनच वाहत होतं. या लोकांपुढं तुमची काजळीची रेघ ठेवली असती तरी त्यांनी तिला कुंकू लावलं असतं.

 पण 'निघून राह्यली' हे मामाजींनीही म्हटलं होतं, तुमच्या खाटेपाशी. त्यांनी माझी ताटली आपल्याकडे ओढली, पाहिली, खाली ठेवली. मग वात वाटीत बुडवली, आपलीच मान मागं केली आणि दोन्ही नाकपुड्यांत पिळली.

गलका थांबला. देणाऱ्यानं घ्यायचं नाही, हे सगळ्यांना ठाऊक होतं. मामाजी शिंकले, खोकले, म्हातारं अंग हललं. हे धरायला गेले तर त्यांनी हातानं मागं सारलं. कोरी ताटली पुढं घेतली आणि तिच्यावर वाकून बसले. सगळी ओसरी वाट पाहत होती. मला फक्त त्यांची शेंडी दिसत होती. मग ताटलीत पडलं. पिवळं. ते पडत राहिलं आणि मामाजी बघत राहिले.

मान वर न करता त्यांनी तुमचं नाव घेऊन मला विचारलं, "विसूले मालूम होतं हे?"

"हो."

"त्या रविवारी, मी टाकलं तवा?"

"तवाई मालूम होतं."

"मंग काहून पुढं केलं त्यानं नाक?"

हे मी त्यांना कधीच सांगणार नव्हते. पण विचारलं तर खोटं कसं बोलू, तुम्हीसुद्धा त्यांच्याशी कधी खोटं बोलला नव्हतात. मी म्हणाले, "म्हने, बाबाईच्या हाताले काम पाह्यजे."

 नाकातून गळत होतं ते त्यांनी पुसलंही नाही. मग उठले, पाटावर उभे राहिले, आणि गावच्या चावडीवर बोलतात तेवढ्या मोठ्यानं म्हणाले, "देवडांगरी हाये हे. देवडांगरीचं वाळलं फळ. रातभर पान्यात टाकतो अन् सकाळी नाकात सोडतो. सांगतलं."

 कुणी तरी कानांवर हात ठेवले. पण ऐकलेलं परत कसं जाणार? त्यांच्याच नियमानं औषध मेलं होतं, वादच संपला. म्हातारी पुटपुटत उठली की पोराच्या दुःखानं डोकं गेलं. एकेक करून लोक पायऱ्या उतरले. मावशींना निरोप केनवडला मोटारीच्या आधी पोचला असेल. उरला तो मुलीवाला माणूस. तो तिथंच उभा होता, पोर खांद्यावर टाकून. त्यानं विचारलं, मंग आता काय करू?

मामाजींनी मुलीची खालची पापणी ओढून पाहिली. म्हणाले, घरी ने. निजवून ठेव, तेलतूप देऊ नको, आपल्या मळ्यातून ऊस घेऊन जा आणि रस पाज. "याच्यावर औषध नाई. मुंबईतई नाई. माह्या पोरानं सांगतलं होतं."

माणूस ऊस घ्यायला मळ्याकडे गेला. मी ताटल्या गोळा केल्या. नाक चोंदलं होतं, तोंडानं श्वास घेण्यावाचून इलाजच नव्हता. तुमच्या मागं एवढं शास्त्र उरलं, त्याबद्दल मी तुमची ऋणी आहे आणि तुमच्यावर रागावलेलीही आहे. राख घेऊन परसाकडे वळले तर मामाजी आतल्या दारात थांबले होते, तुमच्या रिकाम्या खाटेकडे तोंड करून. पिवळे थेंब अजून मिशीवर होते. मला वाटलं त्यांना पाणी हवं आहे. मी तांब्या पुढं केला, तो त्यांनी घेतला नाही.

"सांगतलं नाव," ते म्हणाले. "आता लिहू दे त्याले."